खतामागची हकिगत

१८७० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या दिवाणी कोर्टांत एक प्रसंग रोज घडत होता. पट्टेवाला दाराशी येऊन प्रतिवादीच्या नावाचा पुकारा करी. कुणी पुढे येत नसे. मग वादीचा वकील सावकाराचे खत, म्हणजे कर्जरोखा, टेबलावर ठेवी. खताखाली कुणब्याने केलेली नांगराची निशाणी असे, शेजारी लिहिणाऱ्याचे नाव आणि दोन साक्षी असत. कागद रीतसर आहे एवढे पाहून सब-जज्ज एकतर्फी हुकूमनामा लिहीत. दरखास्त, जप्ती आणि लिलाव या पुढच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. ज्याच्या जमिनीबद्दल आणि बैलांबद्दल हे सगळे चालले होते, त्याचा एक शब्दही कोर्टाच्या दप्तरात नसे.

बोलायला त्याला कायद्याने मनाई केलेली नव्हती, परवानगी काढण्याची अटही नव्हती. तो कोर्टात हजर झाला असता, तर कैफियत देऊ शकला असता. पण कोर्ट दोन मजलांवर, हंगाम तोंडावर, वकिलाला द्यायला पैसा नाही, समन्स वाचता येत नाही, कित्येकदा ते हातीच पडलेले नाही. समन्स मिळाले तर सावकार म्हणे, तू कशाला जातोस, आपण घरातच मिटवू. आणि सगळ्यात मोठी अडचण ही की कोर्टात जाऊन सांगायचे तरी काय? पैसे फेडले म्हणावे तर पावती नाही. एवढे घेतलेच नव्हते म्हणावे तर खतावर निशाणी आपलीच.

कागद एक सांगतो आणि माणूस दुसरे सांगू पाहतो, अशा वेळी न्यायालयाने कुठवर ऐकायचे? आजच्या समरी, म्हणजे संक्षिप्त रीतीने चालणाऱ्या, दाव्यात प्रतिवादी ‘लीव्ह टु डिफेंड’ म्हणजे बचावाची परवानगी मागतो, तेव्हा हाच प्रश्न न्यायाधीशापुढे येतो. महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत तीव्र कज्जा दीडशे वर्षांपूर्वी लढला गेला. तो सुप्याच्या बाजारात, शिरूरच्या गावांत आणि पुण्याच्या पेठांत लढला गेला. त्यातून निघालेला १८७९ चा कायदा आज वकिलांच्याही फारसा स्मरणात नाही. त्याची आठवण करून देणे मला अगत्याचे वाटते.

त्या पेठांपैकी सदाशिव पेठ पेशवाईत वसली, सदाशिवरावभाऊंच्या नावाने. सरदारांचे आणि भिक्षुकांचे वाडे जसे या भागात उभे राहिले, तसे सावकारांचेही राहिले. इथले खुन्या मुरलीधराचे देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस सदाशिव रघुनाथ ऊर्फ दादा गद्रे या सावकाराने बांधले. पेशव्यांचे राज्यही कर्जावर चाले, त्यामुळे सावकार हा दरबारातला वजनदार माणूस होता. मात्र कर्ज वसूल करताना त्याला कोर्टाच्या यंत्रावर विसंबता येत नसे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचे आणि धरण्याचे वर्णन आहे. सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात ठाण मांडून बसे. प्रकरण चिघळले तर पंचायत बसे. ही पद्धत निर्दोष नव्हती. तगाद्यात जाच होता, पंचायतीत दिरंगाई आणि भीडभाड होती. पण पंच गावचेच असत. कर्ज कधी घेतले, लग्नासाठी की बैलासाठी, त्या साली पाऊस कसा पडला आणि कुणी किती पोती सावकाराच्या घरी घातली, हे त्यांना ठाऊक असे. शिवाय दामदुपटीचा दंडक होता: व्याज मुद्दलाएवढे झाले की एका वेळी त्यापुढे मागायचे नाही.

इंग्रजी राज्यात न्यायाची रीत पालटली. गावाबाहेरचा न्यायाधीश आला आणि त्याला गाव ठाऊक नसल्यामुळे कागद हाच त्याचा आधार झाला. पुढे पाच वर्षांत तीन कायदेशीर गोष्टी एकामागून एक आल्या. १८५५ मध्ये व्याजाच्या दरावरची कायद्याची मर्यादा उठली. १८५९ मध्ये दिवाणी दाव्यांची संहिता आली, आणि त्याच वर्षी मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. यातली शेवटची तरतूद ऋणकोच्या हितासाठी केलेली होती. जुनी, विटलेली खते उकरून सावकाराने दावे करू नयेत, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसू लागले.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. शंभर रुपये दरमहा दोन टक्क्यांनी घेतले आणि काहीच फेडले नाही, तर तीन वर्षांनी बहात्तर रुपये व्याज होते. नवे खत होते एकशे बहात्तरांचे. आणखी तीन वर्षांनी ते सुमारे दोनशे शहाण्णव रुपयांचे होते, नऊ वर्षांनी पाचशे रुपयांच्या वर जाते. प्रत्येक नव्या खतात मात्र ‘रोख मिळाले’ असेच लिहिलेले असते. कोर्टापुढे येते ते शेवटचे खत. त्यात शंभर रुपयांचा मागमूस नसतो. मधल्या काळात घातलेली ज्वारी, दिलेले गूळ-तूप, सावकाराच्या शेतावर केलेले काम यांचाही नसतो.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आणि हिंदुस्थानातल्या बंदरी शहरांत कागदाची किंमत वाढवणारा आणखी एक विचार जोर धरत होता. व्यापाऱ्यांची तक्रार रास्त होती. हुंडी किंवा बिल हे बाजारात नाण्यासारखे फिरते. सही करणारा माणूस पैसे देण्याऐवजी कोर्टात खोटा बचाव घालून दोन-दोन वर्षे काढू लागला, तर हुंडीवर कुणी विश्वास ठेवायचा? म्हणून १८५५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की बिलावरच्या दाव्यात प्रतिवादीला आधी न्यायाधीशाची परवानगी मिळवावी लागेल, मगच बचाव करता येईल. हेन्री कीटिंग यांच्या नावाने तो ओळखला जातो. १८६६ मध्ये हिंदुस्थानासाठी याच धर्तीचा कायदा झाला. १८७७ च्या दिवाणी संहितेत त्याचे स्वतंत्र प्रकरण झाले. ही संक्षिप्त रीत मुख्यतः मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथल्या उच्च न्यायालयांपुरती होती. पुण्याच्या किंवा शिरूरच्या सब-जज्जापुढे ती लागू नव्हती.

इथे त्या काळचा अंतर्विरोध दिसतो. मुंबईच्या बाजारात शिकलासवरलेला, मुनीम आणि सॉलिसिटर बाळगणारा व्यापारी परवानगी मागून बोलत होता, आणि मागितल्यावर त्याला काही ना काही ऐकून घेणारे कोर्ट मिळत होते. पुणे जिल्ह्यातल्या कुणब्याला परवानगी मागावी लागत नव्हती, पण त्याचा बचाव कोर्टाच्या उंबऱ्यापर्यंत पोचतच नव्हता. कायद्यात लिहिलेली संक्षिप्त रीत मुंबईत होती. परिस्थितीने लादलेली संक्षिप्त रीत मात्र सबंध दख्खनभर चालू होती, आणि तिच्यात परवानगी मागण्यापुरतीही फट नव्हती.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळले. पाठोपाठ इंदापूर, भीमथडी भागांत जमिनीची फेरआकारणी झाली आणि सारा भरमसाट वाढला. सावकारांनी हात आखडता घेतला, जुनी खते बाहेर काढली आणि कोर्टाची वाट धरली.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे राहते घर ताब्यात घेऊन पाडायला काढले. गाव पेटून उठले, पण हात उगारला नाही. गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांचे पाणी भरायला, हजामत करायला, घरकाम करायला कुणी जाईना. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला, बाजाराच्या दिवशी, त्याचे दंगलीत रूपांतर झाले. चोवीस तासांच्या आत केडगावच्या मोठ्या सावकाराचे घर जळाले. पुणे आणि अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत लोण पोचले. ९५१ लोकांना अटक झाली, त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

या दंगलीचे एक वैशिष्ट्य सरकारी चौकशीतही नमूद झाले. जमावाला बहुतेक ठिकाणी सावकाराचा जीव नको होता, खते आणि हुकूमनामे हवे होते. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे मारहाण झाली नाही. कागद चव्हाट्यावर आणून त्यांची होळी केली गेली. कोर्टात ज्याला उत्तर देता येत नाही तो कागदच नाहीसा करावा, हा त्यामागचा तर्क होता. त्या लोकांच्या हिंसेचे समर्थन मी करत नाही. मारवाडी आणि गुजराती सावकारांची घरे जळाली, निरपराध कुटुंबांना पळावे लागले. पण बचावाची सरळ वाट बंद झाली की माणसे कोणती वाट धरतात, याचा तो धडा होता.

पुण्यात हा धडा वाचणारी माणसे तयार होती. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. तिचे सूत्रधार वकील गणेश वासुदेव जोशी. त्यांचे सभेशी इतके एकरूप नाते जडले की लोक त्यांना सार्वजनिक काकाच म्हणत. १८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे फर्स्ट क्लास सब-जज्ज म्हणून पुण्यात आले आणि सभेला विचारांचा कणा मिळाला. दंगलीच्या आधीच सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती गोळा केली होती आणि साऱ्याच्या वाढीविरुद्ध अर्ज केले होते. दंगलीनंतरच्या वर्षांत काकांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट निघाले. दोन्ही पक्षांनी लवादांचा निर्णय मान्य करू असे लिहून द्यायचे आणि पंचांपुढे तोंडी आपापली बाजू मांडायची. स्टॅम्पाचा खर्च नाही, हेलपाटे नाहीत. झालेला निवाडा दिवाणी कोर्टात दाखल करता येई. शहराच्या सुशिक्षितांनी गावच्या पंचायतीला नव्या कायद्याच्या चौकटीत बसवण्याचा हा प्रयत्न होता. जिल्हा न्यायाधीश राहिलेले सर विल्यम वेडरबर्न यांनीही पंचायत आणि लवाद यांचा जोरदार पुरस्कार केला आणि पुढे पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना रानड्यांसारख्या पुणेकरांच्या साथीने आखली. लंडनहून तिला मंजुरी मिळाली नाही.

पेठांमधल्या या सुशिक्षितांना एक कठोर प्रश्न महात्मा फुले विचारत होते. शेतकऱ्याला बुडवणारा एकटा सावकार नाही. खत लिहिणारा कुलकर्णी, कोर्टातला कारकून, वकील या सगळ्या साखळीत अक्षरशत्रू कुणबी भरडला जातो, असे ते सांगत. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर मांडले. या प्रश्नाला बगल देऊन सदाशिव पेठेचा इतिहास लिहिता येणार नाही. ज्या वस्तीत कुणब्याचा कैवार घेणारे वकील राहत होते, त्याच वस्तीत त्याच्याविरुद्धची दरखास्त लिहिणारे हातही होते.

१८७६-७७ च्या दुष्काळाने उरलेसुरले बळ संपवले. सदाशिव पेठेत बिऱ्हाड केलेले, लष्कराच्या हिशेब खात्यातले कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये बंड उभारले. शिरूर तालुक्यातल्या धामारीवर त्यांच्या माणसांनी धाड घातली. सावकारांची घरे हे त्यांचे पहिले लक्ष्य होते. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा आणि सदाशिव पेठेतला विश्रामबाग वाडा हे दोन्ही पेशवेकालीन वाडे पेटले. सरकारला सगळीकडे कट दिसू लागला. आगी लावणारा माणूस निघाला पुस्तकांच्या सरकारी डेपोतला एक कर्मचारी. त्याचे आडनाव रानडे. तोवर पुण्याबाहेर बदली झालेल्या आणि सुट्टीसाठी पुण्यात आलेल्या महादेव गोविंदांवरही संशयाची सावली पडली आणि त्यांना तातडीने धुळ्याला पाठवण्यात आले. जुलैमध्ये फडके पकडले गेले. त्यांचा खटला पुण्यात चालला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले सार्वजनिक काका. राजद्रोहाच्या आरोपीची वकिली त्या दिवसांत करणे म्हणजे स्वतःवर सरकारी रोष ओढवून घेणे होते. कुणालाही बचावाशिवाय शिक्षा होऊ नये, या तत्त्वासाठी काकांनी तो पत्करला. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, ते वारले.

फडक्यांचे बंड मोडले जात असतानाच, जुलै १८७९ मध्ये, थिओडोर होप यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात एक विधेयक मांडले. ते दख्खन शेतकरी कर्जनिवारणाचा १८७९ चा १७ वा कायदा म्हणून १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. माझ्या मते हिंदुस्थानच्या दिवाणी कायद्यातला तो सर्वांत धाडसी प्रयोग होता, आणि त्याचे मर्म कलम १२ मध्ये आहे.

शेतकऱ्यावरच्या दाव्यात रकमेबद्दल वाद असेल, तर न्यायाधीशाने वादी आणि प्रतिवादी दोघांनाही साक्षीला बसवून तपासावे. व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास आणि खरेखोटेपणा धुंडाळावा. फसवणूक, चूक किंवा दडपण यांपैकी काही झाले का, ते पाहावे आणि मग हिशेब घ्यावा, असे हे कलम सांगते. याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ऋणकोने रक्कम कबूल केली तरी न्यायाधीशाने लगेच मोकळे व्हायचे नाही. ही कबुली खरी आहे आणि सावकाराविरुद्ध आपले हक्क काय आहेत हे पुरते कळून ऋणकोने ती दिली आहे, अशी खात्री पटली, तिची कारणे लिहून ठेवली, तरच चौकशी टाळता येईल. नुसती सही पुरेशी नाही आणि नुसता होकारही पुरेसा नाही. समजून दिलेला होकार हवा. हे तत्त्व १८७९ मध्ये एका परक्या सरकारच्या कायद्यात आले, ते चव्हाट्यावरच्या होळीच्या उजेडात आले.

त्याला जोडून इतर कलमे होती. मुद्दल आणि व्याज यांचे खाते वेगळे मांडायचे. व्याज मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवण्याला आळा. व्याजाची रक्कम मुद्दलाच्या पुढे न्यायची नाही, म्हणजे दामदुपटीचा जुना दंडक आता कायद्याच्या भाषेत उतरला. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडता येणार होती. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकता येणार नव्हते. गहाण न दिलेली जमीन जप्त करता येणार नव्हती. दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हायला हवा होता. सावकाराने पावती आणि मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यायला हवा होता. दावा लावण्याआधी सरकारने नेमलेल्या कन्सिलिएटरपुढे, म्हणजे समेट घडवणाऱ्या पंचापुढे जायला हवे होते. दाव्याची मुदतही वाढवली, म्हणजे दर तीन वर्षांनी खत पालटण्याचे निमित्त उरू नये.

रानड्यांनी सभेच्या त्रैमासिकात या विधेयकाची बारकाईने चिकित्सा केली होती. कायदा ऋणकोला आधार देतो, पण सावकार बाजूला झाल्यावर शेतकऱ्याला रास्त व्याजाने पैसा कोण देणार आणि सरकारी साऱ्याचा बोजा कोण हलका करणार, हा त्यांचा आग्रहाचा मुद्दा होता. १८८१ मध्ये त्याच रानड्यांवर या कायद्याखालच्या कोर्टांची तपासणी करण्याचे काम आले. ज्या सरकारने दोन वर्षांपूर्वी त्यांच्यावर संशय घेतला होता, त्याच सरकारला या कामासाठी त्यांच्याहून योग्य माणूस मिळाला नाही. ते पुणे आणि सातारा जिल्ह्यांतली गावे फिरले. सब-जज्जांनी खरोखर हकिगत विचारली की नुसते ‘चौकशी केली’ असे लिहून हातावेगळे केले, हे त्यांनी दप्तरांतून तपासले. १८८७ मध्ये डॉ. पोलन यांच्या जागी ते या कायद्याखालचे स्पेशल जज्ज झाले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाईपर्यंत त्यांचा या कामाशी संबंध राहिला. रानड्यांची ग्रंथसंपदा आणि व्याख्याने आपण आठवतो. पण खेड्यातल्या ऋणकोची तोंडी साक्ष नीट नोंदली गेली की नाही हे पाहण्यात त्यांनी जी वर्षे घालवली, ती त्यांच्या सामाजिक कार्याचा गाभाच आहेत असे मला वाटते.

कायद्याने सगळे साधले असे नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. तोंडी वचन परत देण्याचे, कागदावर मात्र कायमची विक्री. गरजूला कर्ज मिळणे अवघड झाले. काही ऋणकोही खोटे बोलले. शेतीशी नाममात्र संबंध असलेल्यांनी ‘मी शेतकरी’ म्हणत संरक्षण मागितले. कन्सिलिएटरांपैकी अनेकांचे काम नावापुरते उरले आणि ती यंत्रणा पुढे गुंडाळावी लागली. १९०५ मध्ये कायदा मुंबई इलाख्यातल्या इतर भागांना लागू झाला. १९३९ आणि १९४७ चे कर्जनिवारणाचे नवे कायदे आल्यावर तो मागे पडला. पण त्याने एक गोष्ट कायमची दाखवून दिली. न्यायाधीश कागदामागे जाऊ शकतो, आणि तो मागे गेल्याने राज्य बुडत नाही.

दरम्यान मुंबईच्या व्यापाऱ्यांची संक्षिप्त रीत १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३७ म्हणून आली. बराच काळ ती मोठ्या शहरांच्या न्यायालयांपुरतीच राहिली. १९७६ च्या दुरुस्तीने ती सर्वत्र नेली. १ फेब्रुवारी १९७७ पासून हुंडी, चेक, प्रॉमिसरी नोट यांच्या जोडीला लेखी कराराखालची ठरावीक रक्कमही समरी दाव्याने मागता येऊ लागली. आता शिवाजीनगरच्या कोर्टात सदाशिव पेठेतला दुकानदार, छापखानेवाला किंवा जामीन राहिलेला सेवानिवृत्त मास्तर समरी दाव्याचा प्रतिवादी होऊ शकतो. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याने हजेरी नोंदवायची. न नोंदवल्यास वादीचे म्हणणे कबूल धरून हुकूमनामा होतो. हजेरी नोंदवली की वादी निकालासाठीचे समन्स पाठवतो. ते मिळाल्यापासून पुन्हा दहा दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मागायची. बचाव भरीव नाही किंवा तो पोकळ, त्रास देण्यापुरता आहे अशी न्यायाधीशाची खात्री झाल्याशिवाय परवानगी नाकारता येत नाही. जेवढी रक्कम कबूल असेल तेवढी मात्र भरावी लागते. दिवस चुकले आणि त्याला सबळ कारण असेल, तर कोर्ट उशीर माफ करू शकते.

या परवानगीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच एका प्रकरणात स्पष्ट केले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. दावा साठ हजार रुपयांच्या न वटलेल्या चेकवर होता. प्रतिवादी म्हणत होता की हा चेक केवळ तारण म्हणून दिला होता, मालाचे पैसे नंतर रोखीने आणि दुसऱ्या चेकांनी फेडले, तरी हा चेक वादीकडेच राहिला. खालच्या कोर्टाने कागदी पुरावा नाही म्हणून त्याला तारण भरण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली. पुरावा हजर करण्याची वेळ परवानगी मिळाल्यानंतर येते. या टप्प्यावर एवढेच पाहायचे की सांगितलेली हकिगत खरी ठरली तर तो बचाव होईल का.

पैसे फेडले, कागद मात्र त्याच्याकडे राहिला: सुप्याच्या, केडगावच्या, करड्याच्या माणसांचे म्हणणे नेमके हेच होते. त्यांनी ते कोर्टात सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्या काळात ऐकणारा कायदा नव्हता. १९५८ च्या प्रकरणातल्या दिल्लीच्या व्यापाऱ्याने ते सांगितले आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले.

१९७६ च्या मेकॅलेक इंजिनीअर्सच्या निकालाने परवानगीच्या पायऱ्या आखून दिल्या, तर २०१६ मध्ये मुंबईतून गेलेल्या हबटाऊन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीच्या प्रकाशात त्या पुन्हा मांडल्या. भरीव बचाव असेल तर बिनशर्त परवानगी, शंकास्पद असेल तर रक्कम भरण्याची किंवा तारणाची अट, निव्वळ बनाव असेल तर नकार. ही मांडणी मला न्याय्य वाटते. उधारीवर माल देणाऱ्या छोट्या पुरवठादाराचे पैसे खोट्या कैफियतीत वर्षानुवर्षे अडकले, तर तोही बुडतो. १८५५ च्या व्यापाऱ्यांची तक्रार आजही खरी आहे.

पण परवानगी मागण्याचा हक्क मागणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. दहा दिवस ही मुदत सल्लागार जवळ असलेल्या कंपनीला पुरते. इंग्रजी दाव्याचा जुडगा हाती पडलेल्या जामीनदाराला त्यातले दोन-तीन दिवस हे काय आहे हे कळण्यातच जातात. संहितेत ऑर्डर ३७ चा विस्तार झाला त्याच १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले आणि गरिबाला मोफत विधी साहाय्य देणे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रणा उभी केली. ही दोन पावले एकमेकांना पूरक आहेत, आणि न्यायालयांनी, वकिलांनी ती जोडूनच चालवली पाहिजेत. समन्सासोबत सोप्या मराठीत दोन परिच्छेद जावेत: किती दिवसांत काय करायचे, न केल्यास काय होईल, मोफत वकील कुठे मिळेल. परवानगीच्या अर्जावर निर्णय देताना न्यायाधीशाने १८७९ च्या कलम १२ चा प्रश्न स्वतःला विचारावा की हा व्यवहार सुरू कसा झाला आणि या सहीमागे समज होती का.

१८७५ मध्ये लोकांनी खते जाळली, कारण खताला प्रश्न विचारण्याची सोय त्यांना नव्हती. सार्वजनिक काकांनी, वेडरबर्नांनी आणि रानड्यांनी ती सोय निर्माण करण्यासाठी आयुष्याची वर्षे खर्ची घातली. आज ती सोय संहितेच्या पानावर आहे. तिचा उपयोग सगळ्यांना करता यावा एवढी खटपट आपल्या पिढीच्या वाट्याला आलेली आहे, आणि ती करणे हे त्या माणसांचे ऋण फेडणे आहे.